गुरूच्या सहीखाली दबलेला न्याय

आपल्यापैकी कित्येकांच्या घरातील मुलगा किंवा मुलगी आज विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदवून आहे. घराण्यात जे कोणी केले नाही ते हे पोर करीत आहे, म्हणून आपण चार लोकांत अभिमानाने सांगता. सांगावेच. परंतु तेच पोर सुट्टीत घरी आले असता मार्गदर्शकाचे नाव निघताच गप्प का होते, याची आपण कधी चौकशी केली आहे काय?

त्या गप्प राहण्याचे कारण आम्ही सांगतो. अधिछात्रवृत्तीचा पैसा मार्गदर्शकाच्या सहीवाचून सुटत नाही. प्रगती अहवाल त्याच्या शेऱ्यावाचून पुढे सरकत नाही. प्रबंध पुरा झाला तरी त्याच्या दाखल्यावाचून विद्यापीठ तो घेत नाही. इतकी सत्ता तालुक्याच्या मामलेदाराच्याही हाती नसते. आणि मामलेदाराच्या हुकुमावर निदान अपील तरी चालते! सारेच मार्गदर्शक या सत्तेचा दुरुपयोग करतात असे नव्हे. पोटच्या पोराप्रमाणे विद्यार्थ्याला सांभाळणारेही आहेत. परंतु न्याय हा कोणाच्या चांगुलपणावर सोपवण्याचा विषय नव्हे. गुरूने अंगठा मागितल्याची कथा आपल्याला पुष्कळांनी ऐकवली. आता अंगठा कोणी मागत नाही, सही अडवली की काम भागते.

केरळात कोट्टायम येथील महात्मा गांधी विद्यापीठात दीपा मोहनन ही दलित संशोधिका नॅनोविज्ञानात संशोधन करीत होती. आपणास प्रयोगशाळा आणि बसण्याची जागादेखील नाकारली जाते, अशी तिची वर्षानुवर्षांची तक्रार होती. समित्या झाल्या, उच्च न्यायालयाचा दरवाजाही ठोठावून झाला. अखेर २०२१ च्या ऑक्टोबरात ती उपोषणास बसली. अकरा दिवसांनी केंद्राच्या संचालकांना त्या पदावरून दूर करण्यात आले, तेव्हा तिने उपोषण सोडले. जे काम एका अर्जाने व्हावयास हवे होते त्यासाठी एका स्त्रीला अन्न सोडावे लागले! आणि हैदराबाद? रोहित वेमुला याने १७ जानेवारी २०१६ रोजी प्राण दिले, तेव्हा त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या अधिछात्रवृत्तीचा, एक लाख पंचाहत्तर हजार रुपयांचा, हिशेब होता.

यावर सरकारी मंडळी म्हणतील की, आता नियम झाले आहेत. होय, झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ च्या एप्रिलमध्ये तक्रार निवारणाचे विनियम काढले. त्यांनुसार संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी, तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, निर्णय न पटल्यास विद्यार्थ्याने पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील करावे आणि लोकपालाने ते तीस दिवसांत निकालात काढावे. कागदावर हे उत्तम आहे.

परंतु समितीत बसते कोण, ते पाहा. अध्यक्ष प्राध्यापक आणि चारही सदस्य प्राध्यापक किंवा ज्येष्ठ अध्यापक. विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असतो, पण तो विशेष निमंत्रित, म्हणजे पाहुणा! अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग या तिन्ही मिळून एक माणूस असला म्हणजे नियमाचे समाधान होते. अर्थात आपल्या समाजाचा एकही सदस्य नसताना आपल्या मुलीची जातिभेदाची तक्रार ऐकली गेली, तरी ती बैठक कायदेशीरच ठरेल. आपल्याच दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात. येथे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचाच शेजारी न्यायासनावर. उद्या त्याच शेजाऱ्याला आपल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी याची मदत लागणार!

लोकपाल तरी आहे काय? तो नेमायचा विद्यापीठानेच. २०२४ च्या जूनमध्ये आयोगाने लोकपाल न नेमणाऱ्या कसूरदार विद्यापीठांची यादी जाहीर केली, तीत १५७ नावे होती आणि त्यांपैकी १०८ सरकारी विद्यापीठे होती. विद्यार्थ्याचे शुल्क एक दिवस थकले तर दंड आकारणाऱ्या या संस्थांना एक माणूस नेमण्यास वर्ष पुरले नाही.

दिरंगाईची झळ संशोधकालाच अधिक लागते, हेही ध्यानी घ्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची मुदत साधारणतः सहा वर्षांची आहे, आणि तक्रार कपाटात पडून राहिली म्हणून ती थांबत नाही. म्हणून आमची मागणी अशी की, तक्रार चालू असताना मुदत आणि अधिछात्रवृत्ती दोन्ही सुरक्षित राहावीत. तक्रार ज्या विभागाविरुद्ध, त्या विभागाचा कोणीही समितीत बसू नये. आणि मार्गदर्शक बदलून देणे ही कोणाची मेहेरबानी न राहता विद्यापीठावरील बंधन व्हावे.

तोवर आपण काय करावे? मार्गदर्शकाच्या घरी जाऊन हात जोडू नयेत. पोराला 'थोडे सोस' असे सांगू नये. तक्रार लेखी करावी. काय घडले, कोणत्या तारखेस, कोणासमोर, एवढेच लिहावे. शिवीगाळ नको, कारण खोट्या तक्रारीवर कारवाईची शिफारस करण्याचा अधिकार लोकपालास आहे आणि त्या अधिकाराची धमकी खऱ्या तक्रारदारालाही दिली जाते. आपण नुकतीच धम्मदीक्षा घेतली असेल आणि 'धर्म बदलला, आता अनुसूचित जातीची अधिछात्रवृत्ती कसली' असे एखाद्या खिडकीवर ऐकावे लागले, तर १९९० च्या कायद्याकडे बोट दाखवा. त्या वर्षी संसदेने १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांनाही अनुसूचित जातींत मान्यता दिली. तेथील नकारसुद्धा लेखी मागा.

अर्ज आवक खिडकीवर देऊन आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पंधरा कामकाजाचे दिवस मोजा. उत्तर न आल्यास ते दिवस मोजून दाखवणारे दुसरे पत्र लोकपालाकडे आणि त्याची प्रत आयोगाकडे पाठवा. साऱ्या कागदांची एक जोडी गावी, आईच्या ट्रंकेत असू द्या. वसतिगृहाची खोली कोणत्याही दिवशी रिकामी करावयास लावतात.