पगार विचारू नये?

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. नव्या कंपनीने आधीच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या, याने मुकाट दिल्या. "तीस टक्के वाढ देतायत, मामा!" स्वारी खूष. त्या जागेचा पगार मुळात किती, हे विचारलंस का? "छे, असं कुठे विचारतात?"

विचारतात, बाबा! मी राहतो त्या कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला कायद्याने बंदी आहे. २०२३ पासून पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीतच पगार किती ते किती हे छापावं लागतं.

त्याआधीची गोष्ट. मी ज्याला काम शिकवलं, त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त असल्याचं मला चुकून कळलं. साहेब म्हणाले, "कालपर्यंत तर तू खूष होतास!" होतो ना, अंधारात होतो म्हणून.

आपल्याकडे याला लगेच जळफळाट म्हणतात. साफ चूक! अर्थशास्त्रज्ञांचा एक खेळ आहे, १९८२ सालच्या जर्मनीतल्या प्रयोगापासून गाजलेला. एकाला पैसे देतात, त्याने दुसऱ्याला वाटा देऊ करायचा. दुसऱ्याने नाकारला तर दोघांनाही शून्य. हिशेबी माणसाने एक रुपयासुद्धा घ्यायला हवा. प्रत्यक्षात पाचव्या हिश्शाहून कमी दिलं तर साधारण निम्मे लोक लाथ मारतात, स्वतःचं नुकसान सोसून.

पण मेख इथेच आहे. एकूण रक्कम ठाऊक असेल तरच लाथ मारता येते. शंभरातले दहा की विसातले दहा हे कळलंच नाही, तर माणूस दहा रुपये खिशात घालून वर आभार मानतो. माझ्या भाच्यासारखा.

"पगार उघड केले की लोक नाराज होतात," असं कंपन्या म्हणतात. खरं आहे. २००८ मध्ये एका वृत्तपत्राने इथल्या सरकारी नोकरांचे पगार इंटरनेटवर टाकले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांवर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. त्यांना आढळलं की, बरोबरीच्या लोकांपेक्षा कमी पगार असलेले नाराज झाले आणि दुसरी नोकरी शोधू लागले. म्हणून काय झाकून ठेवायचं? ताप थर्मामीटरमुळे येत नाही!

आपल्याकडे शिपायापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांची वेतनश्रेणी जगजाहीर असते. कुठे आभाळ कोसळलं? मग खाजगी कंपनीतच पगार म्हणजे सोवळ्यातली गोष्ट का? कारण त्या सोवळ्याचा फायदा एकालाच होतो, आणि तो तुम्ही नव्हे.

असो. भाच्याला म्हटलं, सही करण्याआधी एकच विचार: "या जागेचा पगार किती?" उत्तर नाही मिळालं, तर तेही एक उत्तरच समज.