वीज खासगी झाली तर मोखाड्याच्या पाड्यावर दिवा कोण लावणार?

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत वीज गेली की 'आता खासगी कंपनीच आणा' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात आमचे शिकलेसवरलेले बांधवही असतात. अंधारात बसलेल्या माणसाचा संताप आम्ही समजू शकतो. पण खासगी कंपनी एव्हरशाईनला का येईल, हे आधी समजून घ्यावे.

इथे इमारतीला इमारत लागून आहे. थोड्या तारेत हजारो ग्राहक, आणि बिल वेळेवर भरणारे. शेजारी वालीव, गोखिवऱ्याचे कारखाने. याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याचे पाडे आहेत. एका पाड्यासाठी डोंगरातून खांब न्यावे लागतात आणि वापर असतो दोन दिव्यांचा. कारखान्याच्या आणि जास्त वापराच्या चढ्या दरातून गरिबाचा दर खाली ठेवला जातो. 2003 च्या वीज कायद्याने एकाच भागात दुसऱ्या कंपनीला समांतर परवान्याची वाट मोकळी केली. साय खासगीला, ताक महावितरणला! मग पाड्याचा दर कोण सांभाळणार?

भिवंडीचे उदाहरण दिले जाते. 26 जानेवारी 2007 पासून तिथले वितरण टोरंट पाहते. गळती घटली, हे आम्ही नाकारत नाही. पण बिलांविरुद्ध लोक रस्त्यावरही उतरले. आणि एन्रॉन? 2001 मध्ये दाभोळ बंद पडले तेव्हा महागड्या विजेने मंडळाचे कंबरडे मोडलेले होते.

बाबासाहेब 1942 ते 46 व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. विजेचा विषय त्यांच्याच खात्यात होता. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय या देशाचे औद्योगिकीकरण नाही, ही त्यांची भूमिका होती. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर मूलभूत उद्योग सरकारच्याच मालकीचे असावेत, अशी त्यांनी मागणी केली. हे जयंतीच्या भाषणात कुणी सांगत नाही.

शिवाय आरक्षण. महावितरणच्या भरतीत आमच्या मुलांना हक्काची जागा आहे. खासगी कंपनीवर तसे बंधन नाही. 4 जानेवारी 2023 ला समांतर परवान्याविरुद्ध वीज कर्मचारी संपावर गेले, तेव्हा 'लोकांना वेठीला धरले' म्हणून शिव्या घालणाऱ्यांत आमचेही लोक होते! सरकारशी बोलणी होऊन संप त्याच दिवशी मिटला, परवान्याचा प्रश्न मात्र मिटला नाही.

परवान्याचा अर्ज आला की नोटीस निघते आणि तीस दिवसांत कोणालाही आयोगाकडे हरकत नोंदवता येते. विहारात बसून मराठीत दोन पानी हरकत लिहायला वकील लागत नाही.