मेंदूतील कॅल्शियम : साठा नव्हे, दरवाजे



"मुलाचे अभ्यासात लक्ष नाही. मेंदूला कॅल्शियम लागते म्हणे. गोळ्या सुरू करू का?" दापोडीतील माझ्या दवाखान्यात पालक हा प्रश्न अनेकदा विचारतात. मेंदूला कॅल्शियम लागते, हे खरेच. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्यापायी कधी कधी उपचाराने आटोक्यात येणारा आजार वर्षानुवर्षे दडून राहतो.

पवना-मुळेच्या संगमाकाठी राहणाऱ्यांना दरवाजांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. भर पावसाळ्यात आपण धरणात साठा किती, यापेक्षा विसर्ग किती सोडला, याचीच चौकशी करतो. चेतापेशीचेही तसेच आहे. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट अधिक असते. पेशीच्या आवरणात प्रथिनांचे सूक्ष्म दरवाजे असतात. संदेश येताच ते क्षणभर उघडतात, थोडे कॅल्शियम आत शिरते आणि त्या इशाऱ्यावर पेशी पुढच्या पेशीसाठी रसायन सोडते. लगेच पंप सुरू होऊन कॅल्शियम बाहेर फेकले जाते. आपले बोलणे, चालणे, आठवणे या उघडझापीवर चालते.

तिचा ताल चुकला की आजार उद्भवतात. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटतो, पंपांना ऊर्जा मिळत नाही, कॅल्शियमचा लोंढा आत घुसतो आणि पेशी मरू लागतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, ते याच घाईमुळे. अर्धशिशीच्या एका आनुवंशिक प्रकारात या दरवाजाच्या जनुकातच दोष असतो. अल्झायमरमध्येही पेशींतील कॅल्शियमचे नियंत्रण ढासळलेले आढळते.

आता त्या 'लक्ष नसलेल्या' मुलाकडे वळू. चार ते दहा वर्षांच्या काही मुलांना अपस्माराचा एक अबोल प्रकार होतो. मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही. बोलता बोलता, लिहिता लिहिता ते थबकते, नजर शून्यात जाते, पापण्या किंचित फडफडतात. दहा-पंधरा सेकंदांत ते पुन्हा पहिल्यासारखे होते. मधले काही त्याला आठवत नाही. असे दिवसातून कित्येकदा घडू शकते. या झटक्यांत मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमसमधील कॅल्शियमच्या एका प्रकारच्या दरवाजांचा मोठा वाटा असतो. वर्गात मात्र त्याला 'धांदरट' म्हणतात, घरी धपाटे मिळतात.

ओळख पटवणे अवघड नाही. केवळ तंद्री लागली असेल, तर हाक मारताच वा खांद्याला हात लावताच मूल भानावर येते. झटक्यात येत नाही. शंका आल्यास मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात मुलाला तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला लावला, तर बहुधा झटका समोरच दिसतो. हा प्रयोग घरी करू नये. ईईजी तपासणीत निदान पक्के होते. इथोसक्सिमाइड हे जुने औषध नेमके तेच दरवाजे आवरते. उलट, फिटवरच्या काही नेहमीच्या औषधांनी हे झटके वाढू शकतात. म्हणून दुसऱ्याची गोळी या मुलाला देऊ नये. योग्य उपचाराने बहुतेक मुले सावरतात आणि अनेकांचे झटके पौगंडावस्थेपर्यंत थांबतात.

मग कॅल्शियमच्या गोळ्यांचे काय? रक्तातील कॅल्शियमची पातळी शरीर गळ्यातील चिमुकल्या ग्रंथींच्या मदतीने काटेकोर राखते. वरून गोळ्या घेतल्याने मेंदूतील दरवाजे सुधारत नाहीत. बद्धकोष्ठता किंवा मुतखडा मात्र होऊ शकतो. अपवाद एक : रक्तातील कॅल्शियम खरोखरच घसरले, विशेषतः 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावी तान्ह्या बाळात, तर त्यानेही आकडी येते. पण ते रक्ततपासणीने ठरते, अंदाजाने नव्हे. एरवी हाडांसाठी दूध, नाचणी, तीळ आहारात असू द्यावेत.

तेव्हा शाळेतून पुन्हा तक्रार आली, तर गोळीची बाटली आणि छडी दोन्ही बाजूला ठेवा. आधी दोन-चार दिवस मुलाकडे नीट पाहा. ते ऐकत नसेल असे नाही. त्या दहा सेकंदांत त्याला ऐकूच येत नसेल.