खड्ड्यांनी मोडलेल्या गाड्यांची भरपाई मागा : नगरवासीयांस जाहीर आवाहन

आपल्या नगरपरिषदेने गेल्या आठवड्यात एका नागरिकाच्या अर्जास जे उत्तर धाडले आहे, ते वाचून ज्यास संताप येणार नाही असा करदाता या गावात असेल, असे आम्हांस वाटत नाही. स्टेशन रस्त्यावर पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या खड्ड्यात त्या गृहस्थांच्या मोटारीचे पुढचे चाक आदळले, रिम वाकली, टायरची बाजू फाटली, खालचा आर्म निकामी झाला. छायाचित्रे, गॅरेजचे बिल व कारागिराचा लेखी अभिप्राय जोडून त्यांनी रीतसर भरपाई मागितली. आणि परिषदेने दोन ओळींत कळविले की, वाहन जपून हाकणे ही चालकाची जबाबदारी असल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे! पाण्याखालचा खड्डा चालकाने पाहावा कसा, याविषयी त्यात चकार शब्द नाही. त्याच खड्ड्याविषयी आमच्या समितीने जूनमध्येच दिलेल्या तक्रारीवर आवक विभागाचा शिक्का आहे, याचाही उल्लेख नाही.

सुस्थितीतील रस्ता हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ सालीच बजावले होते. तेवढ्याने यंत्रणा हलली नाही, म्हणून १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्या. रेवती मोहिते डेरे व न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांस सहा लाख आणि जखमींस पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा हुकूम केला. नगरपरिषदेच्या हद्दीत याचा निर्णय मुख्याधिकारी व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने करावयाचा आहे, आणि दिलेली रक्कम कसूरदार अधिकारी व ठेकेदार यांच्याकडून वसूल करावयाची आहे. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभर खड्ड्यांनी १४,९२६ माणसे मारली, हा आकडा सर्वोच्च न्यायालयासमोर आला तेव्हा न्यायमूर्तींनी उद्वेग व्यक्त केला होता. आपल्या परिषदेस मात्र त्याची झळ लागलेली दिसत नाही.

उच्च न्यायालयाचा हा हुकूम मृत्यू व इजा यांपुरता आहे. मोडलेल्या गाडीसाठी नोटीस आणि दिवाणी दावा हाच मार्ग आहे. येथेच आपली सर्वांत मोठी चूक होते. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०४ प्रमाणे परिषदेविरुद्ध दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. साहेब दौऱ्यावर आहेत, कागद बांधकाम विभागाकडे गेला आहे, पुढच्या सोमवारी या, असे ऐकत दिवाळी उलटते, संक्रांत येते आणि मुदत निघून जाते. म्हणून उत्तराची वाट पाहू नका. मुदत खड्ड्यात चाक आदळले त्याच दिवसापासून चालू झालेली असते.

भरपाई दिली तर आपल्याच कराचा पैसा जाईल, असे काही शहाणे म्हणतात. गॅरेजात रोज जातो तो पैसा कोणाचा? विमा आहे ना, असेही कोणी म्हणतात. त्यांनी आपली पॉलिसी वाचावी. तृतीय पक्षापुरत्या विम्यात स्वतःच्या गाडीची दुरुस्ती बसत नाही, आणि सर्वंकष विम्यात दावा केला की नो क्लेम बोनस बुडतो.

गाडी आदळताच सुरक्षित बाजूस घ्या. खड्ड्यावर टेप धरून लांबी, रुंदी व खोली दिसेल असे छायाचित्र काढा, त्यात जवळच्या दुकानाची पाटी येऊ द्या. एकदोन साक्षीदारांची नावे टिपा. जुनी रिम भंगारात देऊ नका. बिल जीएसटीसह पक्के घ्या. तो रस्ता परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे आधी ठरवा, कारण दुसऱ्याकडे बोट दाखविणे ही या कार्यालयांची जुनी खोड आहे. दहा रुपये भरून माहिती अधिकारात ठेकेदाराचे नाव, दोषदायित्वाची मुदत व मोजमाप पुस्तिकेच्या नकला मागा. नोटिशीवर शिक्क्यासह पोच घ्या. टेबलावरचा कारकून नाकारील तर ती पोचपावतीसह स्पीड पोस्टाने धाडा.

बाजारपेठेतील रस्ता ठेकेदाराकडून त्याच्याच खर्चाने पुन्हा करवून घेतला तो आमच्या समितीने, अशाच नकलांच्या बळावर; त्या रस्त्यावर आज खड्डा नाही, हे कोणीही जाऊन पाहावे. पण चहाच्या टपरीवर परिषदेस शिव्या घालून गॅरेजचे बिल मुकाट्याने भरणारे, आणि अर्जावर सही मागितली की नजर चुकविणारे आपले सुशिक्षित बांधव जोवर पुढे येत नाहीत, तोवर मूठभर कार्यकर्त्यांनी किती उंबरठे झिजवावेत?

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात समितीचे वकील सभासद विनामूल्य नोटिसा तयार करून देतील. गेल्या पाच महिन्यांत ज्यांची गाडी खड्ड्यात मोडली असेल त्या प्रत्येकाने बिल, छायाचित्रे, नोंदणी पुस्तक व विम्याची प्रत घेऊन यावे. रिक्षाचालकांनी व दुचाकीस्वारांनी तर अवश्य यावे. ज्यांच्या सहा महिन्यांच्या मुदतीस दीड महिनाच उरला असेल त्यांनी रविवारपर्यंतही थांबू नये, उद्या सायंकाळीच समितीच्या कार्यालयात कागद आणून द्यावेत.