बनारसच्या प्रेमकथेत पत्ता कोणी विचारत नाही

चेतन भगत यांची ‘रिव्होल्यूशन २०२०’ ही कादंबरी २०११ साली आली. गोष्ट बनारसची. गोपाल, राघव आणि आरती लहानपणापासूनचे मित्र. दोघांचं प्रेम एकीवर. राघवला चांगली रँक मिळते. गोपालला मिळत नाही, तो कोट्याला कोचिंगला जातो. रँक, फी, वडिलांचं आजारपण हे सगळं घरात पहिल्यांदा पदवी घेणाऱ्या आपल्यासारख्यांच्या ओळखीचं. तरीही ही कादंबरी मला आपली वाटली नाही.

गोपालचं आडनाव मिश्रा. तो गरीब आहे, पण घरची जमीन आहे, भावकीच्या वादात अडकलेली. शुक्ला आमदारांच्या मदतीने ती सुटते आणि तिच्यावर इंजिनीअरिंग कॉलेज उभं राहतं. भूमिहीन मजुराच्या पोराकडे वादात अडकायलाही जमीन नसते. लेखक लाचखोरी दाखवतो. जमीन आणि ओळखीपाळखी मुळात कोणाकडे असतात, हे विचारत नाही.

प्रेमाचंही तेच. आरती जिल्हाधिकाऱ्याची मुलगी. तिघांच्या मध्ये पैसा येतो, करिअर येतं. जात येत नाही. वर आरतीने कोणासोबत राहावं हेही शेवटी गोपालच ठरवतो, आणि तो त्याग ठरतो.

याच शहरावर २०१५ साली नीरज घेवान यांचा ‘मसान’ आला. त्यातला दीपक डोम समाजाचा, सिव्हिल इंजिनीअरिंग शिकणारा. घरचे घाटावर प्रेतं जाळतात. शालू गुप्ता त्याला घर कुठे आहे असं विचारते, तेव्हा तो टाळतो. कारण पत्ता सांगणं म्हणजे जात सांगणं. वस्तीचं नाव गाळून फक्त तालुका सांगणाऱ्या हॉस्टेलमधल्या कोणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

‘प्रत्येक प्रेमकथेत जात कशाला?’ असं विचारलं जातं. पण बाबासाहेबांनी १९३६ सालीच जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखवलं होतं. जोडीदार कोणी निवडायचा, हाच तर जातीचा कणा. त्यामुळे जात गाळलेली प्रेमकथा सगळ्यांची होत नाही; ज्यांना पत्ता लपवावा लागत नाही, त्यांचीच राहते.

हलकीफुलकी प्रेमकथा आपल्यालाही हवी आहे. फक्त तिच्यातल्या मुलाला पत्ता बेधडक सांगता यावा, आणि मुलीला स्वतःचा निर्णय स्वतः घेता यावा. ती आता आपल्यातूनच कोणीतरी लिहायला हवी.