पित्ताशयाचा खडा म्हणजे मुतखडा नव्हे

पाथरीत ‘पोटात खडा’ म्हटले की कुळथाचा काढा सुरू होतो. लहान मुतखडा लघवीवाटे पडतो. पित्ताशयातील खड्याला ती वाट नाही. तो पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडालाही सूज येते. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की त्रास नसेल तर बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही; पण जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार कळ येत असेल तर चालढकल करू नये.

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची देशातील पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज ती नित्याची झाली आहे.

आधी सोनोग्राफी व रक्ततपासणी होते. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. सांगितलेल्या वेळेपासून उपाशी राहावे.

नंतर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, तो आपोआप थांबतो. पित्त यकृतातच तयार होते, त्यामुळे पचन चालू राहते. काही दिवस तळलेले कमी खावे; शेतातली जड कामे डॉक्टरांना विचारूनच सुरू करावीत. ताप, कावीळ किंवा वाढती पोटदुखी दिसली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.