तौलनिक राजकारण आणि उंद्रीचा विद्यार्थी

‘खेड्यातल्या मुलांनी राज्यशास्त्रात एम.ए. करून काय दिवे लावायचे आहेत?’ हे वाक्य महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये आताशा इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते कोणाला खटकतही नाही. त्यातून विषय ‘तौलनिक प्रादेशिक राजकारण आणि शासनव्यवहार’ असा भारदस्त असला, तर बोलणाऱ्याला आणखी जोर चढतो. स्पर्धा परीक्षा द्याव्यात, बी.एड. करावे, नाही तर सरळ शेती पाहावी. फ्रान्सच्या पाचव्या प्रजासत्ताकाशी बुलडाणा जिल्ह्यातल्या, चिखली तालुक्यातल्या उंद्रीच्या मुलाचे काय देणेघेणे, असा एकूण सूर असतो. हा सूर लावणारे स्वतः पदव्युत्तर पदवीवरच पगार घेत असतात, ही गोष्ट तूर्त सोडून देऊ.

या सुराचा प्रतिवाद करायचा तर आधी हे मान्य केले पाहिजे की त्याला खाद्य पुरवले आहे ते अभ्यासक्रमानेच. ‘तौलनिक शासन आणि राजकारण’ या नावाची प्रश्नपत्रिका आपल्याकडे वर्षानुवर्षे ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि चीन यांच्या राज्यघटनांभोवती फिरत आली. ब्रिटिश पंतप्रधान आणि अमेरिकन अध्यक्ष यांच्या अधिकारांची तुलना करा, गुण सोळा. विद्यार्थी दोन रकाने आखतो, गाईडमधले मुद्दे उतरवतो आणि उत्तीर्ण होतो. ही तुलना नव्हे. ही दोन याद्यांची शेजारशेजार मांडणी आहे. तुलनेला एक प्रश्न लागतो. दोन ठिकाणी एकच गोष्ट वेगळी का घडली, किंवा दोन वेगळ्या ठिकाणी एकच गोष्ट का घडली, हा तो प्रश्न. आणि असा प्रश्न विचारण्यासाठी जगाच्या पाठीवर काही जागा विशेष सोयीच्या असतात. बुलडाणा जिल्हा ही त्यांपैकी एक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नकाशा समोर घ्यावा. उंद्री वऱ्हाडात आहे. जिल्ह्याच्या एका अंगाला जालना, म्हणजे जुने हैदराबाद संस्थान. मलकापूरच्या पलीकडे जळगाव, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यातले खानदेश. उत्तरेला सातपुडा ओलांडला की बऱ्हाणपूर, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा निमाड जिल्हा. एका जिल्ह्याच्या शिवेवर चार राज्यकारभारांच्या परंपरा येऊन भिडलेल्या आहेत. त्यातही गंमत अशी की वऱ्हाड आणि जालना हे दोन्ही कागदोपत्री निजामाच्याच मालकीचे होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने देण्यात आला आणि १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. धनी एकच, कारभारी वेगळे. एका बाजूला इंग्रजी मोजणीची रयतवारी, अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात भडकलेला कापसाचा बाजार, त्या कापसासाठी १८७० मध्ये खामगावपर्यंत आलेला जलंबचा रेल्वेफाटा आणि मराठी शाळा. दुसऱ्या बाजूला जहागिऱ्या आणि दरबारची उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. जालन्याच्या मराठी मुलाला उच्च शिक्षणासाठी उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागत होता, तेव्हा चिखलीच्या मुलाची वाट निराळी होती. पुढे १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जालना आणि बुलडाणा एका राज्यात आले, आणि त्याच दिवशी बऱ्हाणपूर, जे पन्नासहून अधिक वर्षे बुलडाण्याबरोबर एकाच प्रांतात होते, ते परराज्य झाले.

आता पुढचा भाग पाहा. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. वसंतराव नाईक (तेही वऱ्हाडातले, पुसदचे) यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. म्हणजे मुंबई इलाख्याची लोकल बोर्डे पाहिलेला जळगाव, निजामी राजवटीतून आलेला जालन्याचा मुलूख आणि वऱ्हाडातला बुलडाणा यांच्यावर एकाच दिवशी एकच संस्था बसवली गेली. इटलीने १९७० मध्ये प्रादेशिक सरकारे स्थापन केली, तेव्हा रॉबर्ट पुटनम या अमेरिकन अभ्यासकाने नेमकी हीच संधी साधली. सगळीकडे संस्था सारखी, मग उत्तरेत ती चालते आणि दक्षिणेत अडखळते ती का, असे विचारत त्याने दोन दशके काम केले. त्याचे १९९३ चे पुस्तक आज जगभरच्या वर्गांत वाचले जाते. त्याच्या उत्तराशी वाद घालता येतो, अनेकांनी घातलाही. पण त्याचा प्रश्न उंद्रीच्या विद्यार्थ्याला एस.टी.च्या तिकिटात सोडवायला घेता येतो, हे त्याला वर्गात कोण सांगते?

परकीयांना मात्र ही संधी दिसली होती. मायरन वीनर यांनी काँग्रेसच्या बांधणीचा अभ्यास करताना निवडलेल्या पाच ठिकाणांत आपले बेळगाव होते. मेरी कॅरस यांचे महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांवरचे पुस्तक १९७२ चे. डी.ई.यू. बेकर यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या १९१९ ते १९३९ मधल्या राजकीय नेतृत्वावर अख्खा ग्रंथ लिहिला. मराठीतही सुहास पळशीकर आणि नितीन बिरमल यांनी महाराष्ट्राच्या राजकारणाचे स्थानिक संदर्भ शोधणारे पुस्तक संपादित केले. म्हणजे साहित्य नाही, ही सबब चालणार नाही.

एका शब्दाचे उदाहरण घेऊ. शब्द हा तरी आपला, साहित्य शिकवणाऱ्यांचा, प्रांत आहे. ‘जनपद’. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने तालुक्याच्या पातळीवर जनपद सभा आल्या. महाराष्ट्रात १९६२ नंतर त्यांची नावनिशाणी उरली नाही. सातपुड्यापलीकडे मात्र आजही ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत यांच्या मधल्या पायरीला ‘जनपद पंचायत’च म्हणतात. एक शब्द डोंगराच्या एका बाजूला मेला आणि दुसऱ्या बाजूला जगला. त्याच्याबरोबर तालुक्याच्या पातळीवरच्या सत्तेची कोणती कल्पना मेली? जिल्हा हेच वजनदार एकक करण्याचा निर्णय वऱ्हाडाला मानवला का? एम.ए.चा उत्तम लघुप्रबंध या एका शब्दावर उभा राहू शकतो.

यावर ठरलेला आक्षेप असा, की स्थानिकाच्या नादी लागले की अभ्यास संकुचित होतो आणि राज्यशास्त्राचा वर्ग वेगळ्या विदर्भाच्या सभेत बदलतो. हा आक्षेप मला उलटा वाटतो. सभा होते ती तुलना नसते म्हणून. १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार, १९५५ च्या फाजल अली आयोगाने केलेली स्वतंत्र विदर्भाची शिफारस ही नावे आमच्याकडे भाषणांत येतात, अभ्यासात क्वचित. वि. म. दांडेकर समितीचा १९८४ चा अहवालच घ्या. प्रत्येक जिल्ह्याची राज्याच्या सरासरीशी तुलना करून तिने एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७. विदर्भातला वक्ता ३९ सांगतो आणि ३७ गिळतो. पुण्याकडचा वक्ता याच्या उलट करतो. राज्याची सरासरी हाच मापदंड का, जिल्हा हेच एकक का, आणि संपूर्ण विदर्भ एक धरला की नागपूर आणि बुलडाणा यांच्यातले अंतर दिसेनासे होते त्याचे काय, हे प्रश्न दोघांपैकी कोणालाच नको असतात. पुढे सिंचनाचा भौतिक अनुशेष राहिला तो अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांत, सगळ्या विदर्भात नव्हे. हे ज्याला नीट वाचता येते तो विद्यार्थी संकुचित होत नाही. उलट तो कोणाच्याही सभेत टाळ्या वाजवण्याआधी थांबतो. कदाचित तेच अनेकांना गैरसोयीचे असेल.

आता मराठी विभागांकडे वळले पाहिजे, कारण ‘प्रदेश’ हा शब्द निरुपद्रवी करून ठेवण्यात त्यांचा हातभार मोठा आहे. ‘प्रादेशिक साहित्य’ म्हटले की निसर्ग, बोली, चालीरीती आणि सणवार, एवढ्यावर आपली समीक्षा भागवते. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ जुन्या गद्याचा नमुना म्हणून शिकवले जाते. तो राज्यकारभाराचा ग्रंथ आहे, हे प्रस्तावनेतल्या एका ओळीत उरकते. तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ भक्तिपर वाङ्मयात जमा होते, आणि गाव चालवायचे कसे हा तिचा खरा विषय गळून पडतो. सदानंद देशमुख हे याच चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या ‘बारोमास’मधला एकनाथ एम.ए., बी.एड. आहे आणि बेकार आहे. त्या कादंबरीवर ‘बोलीचा वापर’ हा प्रश्न विचारताना, शिकलेल्या माणसाला नोकरीसाठी पैसा का मोजावा लागतो आणि तो शेतीतून का निघत नाही, हा शासनव्यवहाराचा प्रश्न आपण दुसऱ्या विभागाकडे ढकलतो. तो विभाग तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये असतो!

हा दुरावा पूर्वी नव्हता. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात झाला आणि त्याचे अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर, नागपूरचे संपादक आणि कादंबरीकार. प्रदेश म्हणजे काय, हा वाद तेव्हा साहित्यिकच घालत होते.

शिवाय भाषेचा मुद्दा आहेच. राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांतले गद्य पुष्कळदा इंग्रजी वाक्यावर मराठी शब्द चढवून केलेले असते. ‘संस्थात्मक संरचनांचे कार्यात्मक परिमाण’ असे लिहून विद्यार्थी पन्नास टक्के मिळवतो. पण ग्रामसेवक गावात किती दिवस येतो, हे त्याला त्या भाषेत लिहिता येत नाही. गुन्हा त्याचा नाही. फेरफार, नमुना आठ अ, तेरीज, पैसेवारी, आणेवारी हे शब्द त्याच्या घरात आहेत. ते उत्तरपत्रिकेत आले तर परीक्षक भुवया उंचावतो.

स्टाफरूममधल्या त्या वाक्याकडे परत यायचे, तर एक ताजी घटना पुरेशी आहे. बुलडाणा जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती आणि मार्च २०२२ मध्ये तिची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ जिल्ह्याचा कारभार लोकांनी निवडलेल्या सदस्यांविना, प्रशासकाच्या हातून चालला. विदर्भ विकास मंडळाची मुदत त्याआधीच, ३० एप्रिल २०२० रोजी, संपलेली होती. ते पुन्हा स्थापण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. या काळात ‘लोकशाही विकेंद्रीकरण’ हा धडा वर्गांत नेहमीप्रमाणे शिकवला गेला, त्यावर नेहमीप्रमाणे प्रश्न आले आणि त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीची वैशिष्ट्ये मुलांनी नेहमीप्रमाणे सात मुद्द्यांत लिहिली. सदस्य नसताना उंद्रीच्या माणसाने शाळेच्या गळक्या छपरासाठी कोणाचे दार ठोठावले, गटविकास अधिकाऱ्याचे की आमदाराचे. आणि शेजारच्या जालन्यात, किंवा डोंगरापलीकडच्या जनपदात, त्याच तक्रारीचे काय झाले, एवढे तीन ठिकाणी विचारून लिहिणारा एक विद्यार्थी मिळाला, तर त्याचा लघुप्रबंध तपासायला मराठीचा अध्यापकही बाह्य परीक्षक म्हणून बोलवावा.